किल्ल्यावरची अळणी आमटी

माझी नात सध्या एका जाडजूड इंग्रजी कादंबरीत राहते. जेवायला आणि अंघोळीला तेवढी निजामपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये येते. कादंबरीत ड्रॅगन आहेत, तीन राज्यं आहेत आणि प्रत्येक राज्यातली एक तरी राजकन्या रागावून घराबाहेर पडलेली आहे. चार खंड झालेत, लेखिका अजून थकलेली नाही. मागच्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून नात रोज संध्याकाळी त्यातलं थोडंथोडं मराठीत करून मला वाचून दाखवते. परवा तिचा ड्रॅगन म्हणाला, मला शेव-उसळ जरा तिखटच लागते. मी विचारलं, पान कितवं? तर म्हणते, आजी, तू फार संशयी आहेस.

संशयी नाही. अनुभवी आहे.

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हा आम्ही घडियाळी पोळीत, म्हणजे गुजरातेतल्या जुन्या शहरातल्या एका बंदिस्त गल्लीत, राहत होतो आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांनी माझं डोकं पार फिरवून टाकलं होतं. गुजरात वेगळं होऊन बरीच वर्षं झाली होती, तिथलं मराठी संस्थान तर त्याच्याही आधी विलीन झालं होतं, पण ही बातमी माझ्यापर्यंत पोचली नव्हती. भाजीवाली दारात आली की मी ओढणी पदरासारखी सावरायची, मान ताठ करायची आणि विचारायची, आज काय पेश करणार? ती टोपली उतरवत म्हणायची, "रींगणां छे बेन, लेवां होय तो लो." राणीवशातली बाई वांग्यांचा भाव करत नाही, त्यामुळे आईला आतून उठून यावं लागायचं.

घरात खरी सत्ता आत्याची होती. वडिलांची ही थोरली बहीण, लवकर विधवा होऊन माहेरी आलेली. जिभेला धार आणि हाताला चव. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत शिलेदार होते, असं वडील चारचौघांत सांगायचे. शिलेदारांच्या घोड्यांना चंदी घालायचे, असं आत्या तिथल्या तिथे सांगायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि वाचनाची तर तिला विलक्षण हौस. म्हणून दुपारची भांडी झाली की मी दारासमोरच्या ओट्यावर बसून वाचनालयातली कादंबरी तिला मोठ्यानं वाचून दाखवायची. शेजारच्या गुजराती आजी, ज्यांना सगळे बा म्हणत, त्याही मटार सोलायला तिथेच यायच्या. त्यांना मराठी समजायचं, बोलायच्या गुजरातीत.

त्या वर्षी हातात होती ती एका वेढ्याची कादंबरी होती. शत्रूनं किल्ल्याला वेढा घातला होता आणि लेखक जंगलाचं वर्णन करत होता. वेढा लांबला तसं जंगलही वाढत गेलं. मी ते जंगल ओलांडून थेट सज्ज्यावर पोचायची, कारण तिथे किल्लेदार आणि त्याची बायको चांदणं बघत उभे असायचे. ती पानं मी असा आवाज काढून वाचायची की आज आठवलं तरी उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

आत्यानं दोन दिवस चांदणं सहन केलं. तिसऱ्या दिवशी विचारलं, वर चारशे माणसं अडकलीत ना, मग त्यांचा स्वयंपाक कोण करतंय?

मी पुस्तक चाळलं. चारशे माणसं पाच महिने लढत होती, पण लेखकानं एकालाही जेवायला घातलं नव्हतं. हे आत्याला सांगितलं असतं तर तिनं कादंबरी मिटवली असती, आणि माझं चांदणंही त्याबरोबर गेलं असतं. म्हणून मी पुस्तकात बघत बघत म्हटलं की मुदपाकखान्यात एक विधवा स्वयंपाकीण होती.

त्या दिवसापासून किल्लेदार मागे पडला. स्वयंपाकीण कमरेला पदर खोचायची, सरदारांना खडसावायची, जोंधळ्याच्या कोठाराला स्वतः कुलूप घालायची. ती कुणावरून बेतली होती हे पोळीतल्या गाईलाही कळलं असतं. आत्याला कळलं नाही, किंवा तिनं कळू दिलं नाही. ती फक्त म्हणायची, या लेखकाला बायकांची पारख आहे हो. मी मान खाली घालायची आणि आत फुगायची.

माझा सगळ्यात देखणा प्रसंग होता हेराचा. बांगडीवाल्याच्या वेशात शत्रूचा हेर वर येतो. कुणाला ओळखू येत नाही. स्वयंपाकीण एका दुपारी मुद्दाम आमटीत मीठ घालत नाही. पंगतीत एकच ओरड होते, कोणी वाटी आपटतो, कोणी तिच्या सात पिढ्या काढतो. बांगडीवाला मात्र मुकाट्यानं दुसरी वाटी मागून घेतो. ती त्याचं मनगट धरते आणि म्हणते, सापडलास. ज्याच्या मनात काळं असतं, तो अळणी आमटीला नाव ठेवत नाही.

बांच्या हातातला मटार तसाच राहिला. आत्या म्हणाली, पुन्हा वाच. झाली पंचाईत. पहिल्यांदा काय म्हटलं होतं ते शब्दाला शब्द कुणाला आठवतंय?

तेवढ्यात आत्याच्या ऑपरेशनचा दिवस ठरला. तेव्हा हे काम आजच्यासारखं सकाळी जाऊन दुपारी परत, असं नव्हतं. डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि काही दिवस हलायचं नाही. आत्या कुणाला भ्यायची नाही, पण आदल्या दुपारी तिनं लुगड्यांची पिशवी भरता भरता मला जवळ बोलावलं.

"ती स्वयंपाकीण शेवटपर्यंत जगते ना? पुढचं बघून सांग."

मी शेवटचं पान उघडलं. तिथेही जंगल होतं.

"जगते," मी म्हटलं. "वेढा उठल्यावर पहिलं पातेलं तीच चुलीवर चढवते."

"मग ठीक," असं म्हणून तिनं पिशवी बांधली.

ऑपरेशन नीट झालं आणि माझी झोप उडाली. चष्मा लागला की ती आधी तेच पुस्तक मागणार हे ठरलेलं होतं. आणि मग माझ्या तोंडचं एक अक्षर तरी तिला खरं वाटणार होतं का? मी पुस्तक घाईनं परत करून आले. काही उपयोग झाला नाही. दीड महिन्यानं चष्मा आला, काचा एवढ्या जाड की तिचे डोळे बशीएवढे दिसायचे. आत्या स्वतः वाचनालयात गेली, पुस्तक घेऊन आली आणि चार दिवसांत जंगलासकट वाचून काढलं. पाचव्या दिवशी मी गाल पुढे करायच्या तयारीनंच उठले.

आत्या म्हणाली, कुणीतरी पानं फाडलीत. चल.

आम्ही तिघी निघालो. पुढे आत्या, मागे साक्षीला बा, आणि मी पुस्तक छातीशी धरून. ग्रंथपालानं पानं मोजली, आकडे ओळीनं बरोबर होते. आत्या म्हणाली, आकडे काय, कुणीही छापतं. बांनी सांगितलं, "मारी सामे ज वांच्युं'तुं एणे." म्हणजे माझ्यासमोरच वाचलं होतं हिनं. ग्रंथपालानं घाम पुसला आणि विचारलं की नेमकं काय नाही ते तरी सांगा. मग आत्यानं टेबलाला टेकून अळणी आमटीचा अख्खा प्रसंग सांगितला. माझ्यापेक्षा चांगला सांगितला.

वर्तमानपत्रं वाचणारे चार निवृत्त गृहस्थ एकेक करून जवळ आले. त्यातल्या कोटवाल्यांचे आजोबा संस्थानात दफ्तरदार होते, हे ते कुणालाही दोन मिनिटांत कळेल अशी व्यवस्था करत. त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

"हा प्रसंग पहिल्या आवृत्तीत होता. मी स्वतः वाचलाय. नंतर कापला. बखरीतही उल्लेख आहे."

दुसरे म्हणाले, बरोबर, पण हेर बांगडीवाला नव्हता, अत्तरवाला होता. तिसऱ्यांना तो फकीर असल्याचं आठवत होतं.

मी गप्प बसले असते तर सुटले असते. पण माझा बांगडीवाला! त्याच्या बांगड्यांचे रंगसुद्धा मी निवडले होते. प्रामाणिकपणा माझ्यात तेव्हाही बेताचाच होता, पण दुसऱ्याला श्रेय गेलेलं मात्र सोसवत नव्हतं.

"बांगडीवालाच होता. तो मी रचलाय. ती स्वयंपाकीणही माझीच."

कोटवाल्यांनी माझ्याकडे मोठ्या मायेनं पाहिलं. म्हणाले, "मुली, असं लिहायला चारशे वर्षांचा इतिहास पचवावा लागतो." बाकीचे हसले. ग्रंथपालानं वहीत लिहून घेतलं की पहिली आवृत्ती मिळाल्यास मागवावी. आयुष्यात एकदाच मी उघडपणे खरं बोलले आणि चार सुशिक्षित माणसांनी ते पुराव्यानिशी खोडून काढलं.

आत्यानं त्या बशीएवढ्या डोळ्यांनी मला एकदा पाहिलं आणि फक्त "घरी चल" म्हणाली. बा आपल्या घरात गेल्या. आत्यानं हातपाय धुतले, स्वयंपाकघरात शिरली, आणि दुपारी माझं पान स्वतः वाढलं.

मी खाली मान घालून भात कालवला. पहिला घास घेतला, दुसरा घेतला. आता बोलेल, मग बोलेल, अशी वाट बघत मी आमटी संपवली. तिनं विचारलं, आणखी वाढू? मी वाटी पुढे केली.

तिनं वाटीऐवजी माझं मनगट धरलं.

"सापडलीस," ती म्हणाली.

तेव्हा कुठे माझ्या जिभेला कळलं. आमटीत मिठाचा कण नव्हता.

मी रडायच्या बेतात होते. ती उठली, फडताळातून मिठाची बरणी काढून माझ्यासमोर ठेवली. चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा न घालता बाजूला, त्या जंगलाच्या पुस्तकावर ठेवून दिला.

"मीठ घाल आणि जेव. आणि मला सांग, वेढा उठल्यावर ती बाई किल्ल्यावरच राहिली, की खाली उतरली?"

मला काहीच ठाऊक नव्हतं. मी चिमूटभर मीठ घातलं, आमटी ढवळली, आणि म्हटलं, उतरली. पण एकटी नाही.