दौलतकाकांचं नाक

"या पोरीले नाक हाय का निस्ती वहीच हाय?"

हे वाक्य कँटीनच्या खिडकीतून माझ्या कानावर पडलं तेव्हा मी बाहेर नळावर हात धूत होते. विचारणारे दौलतकाका होते. ज्यांना विचारलं त्या कँटीनच्या स्वयंपाकीण लक्ष्मम्मा. त्यांना मराठी जेमतेम कळायचं, त्या नुसत्या हसल्या. मी आत न जाता तशीच लॅबमध्ये परत गेले आणि त्या दिवशी जेवले नाही. कारखान्यातला माझा तो तिसरा दिवस होता. तीन दिवसांत मी खरोखरच वहीत लिहिण्यापलीकडे काही केलं नव्हतं.

तेलंगणात नेरडीगोंड्याच्या पुढे, हायवेपासून थोडा आत, निजामाच्या अमदानीतला हा बिअरचा कारखाना. इतकी वर्षं बंद होता की धुराड्यावर पिंपळ वाढला होता. हैदराबादच्या एका मालकांनी तो घेतला आणि इथली जुनी लागर बिअर, थंडाव्यात महिनाभर मुरणारी, त्याच विहिरीच्या पाण्यावर आणि तेच सागाच्या पानाचं लेबल लावून पुन्हा काढायचं ठरवलं. ती कशी लागायची हे सांगणारं मात्र कोणी उरलं नव्हतं. शोधता शोधता बेला नावाच्या गावात दौलतकाका सापडले. तरुणपणी त्यांनी इथल्या तळघरात काम केलं होतं. कारखाना बंद पडल्यावर ते गावी वांगी-टमाटर लावत होते. मालकांनी गाडी पाठवून त्यांना आणवलं. नोकरीच्या कागदावर त्यांच्या नावापुढे 'सल्लागार' असं लिहिलं होतं. काका स्वतः सांगायचे, "मले नाकासाठी बोलावलं."

मी आदिलाबादची. शाळा इंग्रजी, पुढचं शिक्षण हैदराबादला, आणि इथल्या लॅबमधली ही पहिली नोकरी. घरी आईने नातेवाइकांना मी 'फूड कंपनीत' आहे असं सांगून ठेवलं होतं आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. न बोलणं मला नेहमी सोपं गेलं आहे.

काका तळघराला तहखाना म्हणत. पायऱ्यांपाशी आले की चपला काढत, देवळात काढाव्यात तशा, पण कारण वेगळं होतं. अनवाणी पायांनी टाक्यांमधून चालत आणि मध्येच थांबत. "इथं गरम हाय," म्हणत. मी थर्मामीटर लावून बघायचे, तर तिथे खरंच अर्धा-एक अंश जास्त निघायचा. टाकीला कान लावून आतलं खमीर काम करतंय की नाही ते सांगत. यीस्टला ते खमीरच म्हणत आणि त्याच्याविषयी घरातल्या माणसासारखं बोलत: आज रुसलं हाय, आज जेवलं, आता झोपते. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालत. मॅनेजरसाहेबांसमोर ग्लास उंच धरून, डोळे मिटून असा लांब श्वास घेत की कामगार कामं थांबवून बघत राहात. त्या श्वासाचा त्यांना अभिमान होता.

एका दुपारी लक्ष्मम्मा दूध गॅसवर ठेवून विहिरीकडे गेल्या. जळका वास लॅबपर्यंत आला म्हणून मी धावत गेले. कँटीनमध्ये धूर भरत होता आणि काका गॅसकडे पाठ करून, दोन हातांवर, चहात बिस्किट बुडवत बसले होते. मी बटण बंद केलं. त्या आवाजाने ते वळले. आधी काळं झालेलं पातेलं बघितलं, मग मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लॅबमध्ये आले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. करोनात वास गेला, म्हणाले. चव अर्धीमुर्धी परत आली, वास आलाच नाही. बेल्याला गाडी न्यायला आली तेव्हा हे सांगायला हवं होतं, पण कारखाना परत सुरू होतोय हे ऐकून त्यांच्या तोंडून नकार निघाला नाही. मग त्यांनी विचारलं, मी काल कोणाला सांगितलं का. मी मान हलवून नाही म्हटलं.

"मंग असं करू माय," ते म्हणाले. "नाक तुमचं, जबान माही. मी हाय तोवर तिसऱ्याले कळू नये."

तेव्हापासून रोज सकाळी मी वास घ्यायचे आणि त्यांना सांगायचे. माझ्याकडे वासांची अभ्यासक्रमातली इंग्रजी नावं होती. ती त्यांनी चालू दिली नाहीत. "औषधाचं नाव नका सांगू. कायचा वास हाय ते सांगा." मग मी शोधत शोधत सांगू लागले. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा. ओल्या पोत्याचा. सोललेल्या सफरचंदाचा. मी "थोडासा" म्हटलं की ते चिडत. "थोडासा मंजे काय? हाय का नाइ?" तहखान्याच्या पायरीवर बसून मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी ठाम काही सांगत होते, तेही दबक्या आवाजात.

त्यातला एक वास त्यांनी सगळ्यांत जास्त घोटून घेतला: कढवायला ठेवलेल्या लोण्याचा. खमीर तो तयार करतं आणि शेवटी टाकी तीन-चार दिवस थोडी गरम ठेवली तर स्वतःच खाऊन टाकतं. घाईने थंड केली तर खमीर झोपतं, वास लपून बसतो आणि पुढे बाटलीत वर येतो. तो मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. काकांची रीत अशी की स्टीलच्या पेल्यात बिअर घ्यायची, वर झाकणी ठेवायची, पेला अर्धा तास कढत पाण्यात उभा करायचा, मग निववून झाकणी उघडायची आणि लगेच हुंगायचं. लपलेलं गरम्यानं बाहेर येते, असं ते म्हणत.

पहिल्या टाकीच्या वेळी उद्घाटनाची तारीख आधीच ठरलेली होती. मॅनेजरसाहेब स्वतः खाली आले, त्यांच्या मागे आणखी चौघे. मी पेला उघडला आणि हुंगला. लोणी होतं. अगदी पुसट, पण होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, निदान मला तसं वाटलं. काकांनी हळूच विचारलं, "काई हाय?"

मी म्हटलं, "नाही."

"खरंच नाइ?"

"नाही."

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग पेला हातात घेऊन त्यांनी आपला तो लांब श्वास घेतला आणि साहेबांना म्हणाले, झाली तयार.

टाकी त्याच दिवशी थंड केली. उद्घाटनाला मांडवात पाहुणे बसले, सागाच्या पानाच्या बाटल्या उघडल्या आणि दोन घोटांत लोकांनी ग्लास खाली ठेवले. कोणीतरी हसून बटर पॉपकॉर्न मागवलं. काय झालंय हे मला मांडवाच्या कडेला उभं राहूनही कळलं, इतका तो वास वर आला होता. दुसऱ्या दिवशी सगळा माल नाल्यात सोडला. मालक म्हणाले, अजून एकदा बघू. तीही अशीच निघाली तर मशिनरी विकून इथे पाण्याच्या बाटल्या भरायच्या.

मॅनेजरसाहेबांनी काकांना सगळ्यांसमोर सुनावलं की वय झालं, आता नाकावर भरवसा नाही. मी वही छातीशी धरून उभी होते. काका म्हणाले, "व्हय साहेब, वय झालं." माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. संध्याकाळी त्यांनी पायऱ्यांपाशी चपला घातल्या आणि बेल्याच्या गाडीत बसले.

महिन्याभराने एका रविवारी मी बसने बेल्याला गेले. घरी सांगितलं, मैत्रिणीकडे जाते. काका अंगणात वांगी निवडत होते, किडकी एकीकडे, चांगली एकीकडे. आता सदऱ्याला इस्त्री नव्हती. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर मी सांगितलं की त्या दिवशी मला लोण्याचा वास आला होता.

"मले मालूम होतं," ते म्हणाले. "तुमी नाइ मनाच्या आदी थांबल्या."

मी विचारलं, मग तुम्ही साहेबांना का नाही सांगितलं? त्यांनी एक वांगं उलटसुलट करून बघितलं आणि किडक्यांत टाकलं.

"माही नोकरी एकदा गेलेलीच व्हती, मले सवय हाय. तुमची पयली हाय." मग पुढचं वांगं उचलत म्हणाले, "आन् काय मनून सांगू? मले वास येत नाइ मनून?"

निघताना त्यांनी दुसऱ्या टाकीची चौकशी केली. खमीर कसं आहे, जेवतं का. मी सांगत गेले, त्यांनी एकेक तपशील दोनदा विचारला. बाटली भरली की एक आणून दाखवजा, म्हणाले. पिणार नाही, पण फेस बघायचा होता. फाट्यापर्यंत पोचवायला आले आणि बस दिसल्यावर म्हणाले, "पुढच्या टायमाले थांबू नका, माय."

दुसरी टाकी अजून मुरायलाही लागली नव्हती, तेव्हा त्यांच्या मुलाचा फोन आला. सकाळी मळ्यात पाणी देता देता बसले ते उठले नाहीत. मी गेले. बायकांच्या मागे उभी राहिले आणि कोणाशी न बोलता परत आले. कारखान्यातून दुसरं कोणी आलं नव्हतं.

नंतर आठवड्याने दुसरी टाकी तपासायची होती. या वेळी मालकही आले होते. टाकी त्याच दिवशी थंड करायची असं मॅनेजरसाहेबांनी ठरवूनच ठेवलं होतं; हैदराबादला गाड्या सांगून झाल्या होत्या. मी पायऱ्यांपाशी चपला काढल्या. कोणी तरी विचारलं काऊन, तोवर मी खाली उतरले होते. फरशी गार होती. पेला अर्धा तास कढत पाण्यात ठेवला, निववला, झाकणी उघडून हुंगला. मग तो हातोहात फिरला. एकाने छान म्हटलं, दुसऱ्याने त्याहून छान म्हटलं. मॅनेजरसाहेब मालकांकडे वळून म्हणाले की चला, या वेळी म्हाताऱ्याचं नाक मध्ये नाही हे एक बरं झालं.

पेला फिरून माझ्याकडे आला होता. मी तो पुन्हा एकदा हुंगला, खरं म्हणजे गरज नव्हती.

"मागच्या वेळीही नाक माझंच होतं, सर," मी म्हटलं. "काकांना वास येत नव्हता. मला आला होता, मी बोलले नाही. आत्ताही येतोय. लोणी आहे. टाकी चार दिवस गरम ठेवा."