निझवाच्या बाजारात काढलेला एक फोटो

ओमानला जायचं ठरलं ते माझ्या नणंदेमुळे. शैलाताई निवृत्त झाल्या आणि मुंबईहून अडीच-तीन तासांत गाठता येईल असा परदेश त्यांनी शोधून काढला. भाईंदरच्या इंद्रलोक भागातून आम्ही दोघीच निघालो. घरातले पुरुष कोणी सोबत नव्हते, म्हणून मी जरा ऐटीतच होते.

पहिले दोन दिवस मस्कत. मोठ्या मशिदीत डोकं, हात, पाय झाकून जावं लागतं, तेव्हा ओढणी जवळ ठेवा. आमचा टॅक्सीवाला हमीद कामापुरतं हिंदी बोलायचा. पोलीस, लष्कराची ठाणी आणि न विचारता कुठल्याही बाईचा फोटो काढायचा नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी बजावलं. मी मान डोलावली.

शुक्रवारी पहाटे निझवा या जुन्या शहराकडे निघालो. रस्ता गुळगुळीत, दोन तासही लागत नाहीत. तिथला शुक्रवारचा शेळ्यांचा बाजार सकाळीच आटोपतो, म्हणून आठच्या आत पोहोचलेलं बरं. मधल्या ओट्याभोवती मालक शेळ्या फिरवत किंमत पुकारत होते. भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती, चेहऱ्यावर तिथल्या जुन्या बायका घालतात तसा काळा मुखवटा. पाणी प्यायला तिने तो वर केला आणि मी फोन उचलला.

फोटो सुंदर आला. लगेच बहिणीला पाठवला. भाईंदरकडच्याच मोरव्यात राहणाऱ्या या बहिणीचं, वंदनाचं उत्तर आलं, ‘भारी! स्टेटसला ठेवलाय.’

मान वर केली तर समोर पांढऱ्या झग्यातला एक माणूस फोनसाठी हात पुढे करून उभा. तो ओरडला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. हमीद धावत आला. म्हातारी या माणसाची आई होती. मागोमाग पोलीस आला आणि आम्हाला बाजारालगतच्या एका खोलीत नेलं. आमचे पासपोर्ट त्याने टेबलावर ठेवले. परतीचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. फोनचं लॉक मला काही केल्या उघडेना. शेवटी शैलाताईंनी माझं बोट धरून उघडलं.

फोटो पुसला, फोनच्या कचरापेटीतूनही काढला. मग हमीदने विचारलं, "मॅडम, और किसी को भेजा?"

मेसेज कोणी उघडून पाहिले नव्हते, आणि होते तेही मराठीत. तिथे कोणालाच ते वाचता आले नसते. ‘नाही’ म्हटलं असतं तर कदाचित तिथेच सुटले असते. शैलाताई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "भेजा है. बहन को."

पोलीस ताठ बसला. म्हातारीच्या मुलाचा चेहरा उतरला. मी वंदनाला फोन लावला, रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. इथेच अडकून पडलो तर घरी काय सांगायचं, हेच डोक्यात फिरत होतं. शैलाताईंनी वंदनाच्या नवऱ्याला गाठलं, तेव्हा कळलं की ती अंघोळीला गेली होती. वीस मिनिटांनी स्टेटस उतरलं, तिच्या फोनमधलाही फोटो गेला. मुलाने स्वतः व्हिडिओ कॉलवर खात्री केली, फोटो आता कुठेच नाही हे मी हमीदकडून त्याला सांगितलं, आणि तो तक्रार करणार नाही म्हणाला. पासपोर्ट हातात आले.

बाहेर ती म्हातारी बसली होती. मी तिच्यासमोर हात जोडले. ती हळू आवाजात काही बोलली. हमीदने सांगितलं, "बोलती है, पूछती तो मैं ना बोलती. इसलिए नहीं पूछा ना?"

मी होकारार्थी मान हलवली. कारण ते खरं होतं.

परतीच्या रस्त्यात हमीदने वेलचीचा कहवा पाजला, त्याची चव कळली नाही.

आता घरी येऊन महिना झाला. ओमानला जरूर जा. माणसं मायाळू आहेत, रस्ते सुरक्षित आहेत. फक्त माणसावर कॅमेरा धरण्याआधी विचारा, आणि नाही म्हटलं तर फोन खिशात ठेवा. निझवाचा एकही फोटो इथे टाकलेला नाही.

परवा वंदना सहज बोलून गेली की स्टेटस उतरवण्याआधी चौतीस जणांनी पाहिलं होतं. त्यातल्या कोणी तो जपून ठेवला असेल, तर मला कळायला काही मार्ग नाही. आणि त्या मुलाला मी सांगून आलेय की फोटो आता कुठेच नाही.