दाभाड म्हणजे दाढ नव्हे

भाईंदर पूर्वेच्या एका छोट्या इस्पितळात विमलाबाई बावीस वर्षं आया आहेत. गाव संगमेश्वराकडचं. "लादी ओली हाय, पाय ठेवलास तर दाभाड फोडीन!" असं त्या पोराटोरांपासून कंपाउंडरपर्यंत सगळ्यांना बजावतात. कानाखालून हनुवटीकडे येणारं हाड म्हणजे दाभाड. पुस्तकात त्याला जबडा म्हणतात, पण दम द्यायला जबडा काही कामाचा नाही.

त्या मंगळवारी सकाळी जवळच्या चेणे गावातून दाजी आले. सत्तरीचे, अजून भाजीचा मळा करणारे. सोबत सून मनाली. खिडकीवर नीलेश केसपेपर लिहीत होता.

"काय होतंय बाबा?"

"दाभाड धरलंय रं. लय दुखतंय."

नीलेश शांती नगरच्या फ्लॅटात वाढलेला. त्याने ऐकलं, दाढ. "दातवाले डॉक्टर अकराला येतात. बसा बाकावर."

दाजी बसले. लादी पुसत पुसत विमलाबाई त्यांच्यापुढे आल्या. डोक्यावर पंखा फिरत होता, तरी म्हाताऱ्याचा सदरा घामाने अंगाला चिकटलेला. असे सदरे त्यांनी या बाकावर आधीही पाहिले होते.

"कुठली दाढ हो, दाजी?"

"दाढ कुठली, बाय? तोंडात येक दात न्हाय!" दाजींनी बोळकं उघडून दाखवलं. "दाभाड हाय. हितनं डाव्या हातात उतरतंय."

विमलाबाईंनी फडका तिथेच टाकला.

"मेल्या नीलेश, ज्याला दातच नाय त्याला दातवाल्याकडं बसवतोस?"

"मावशी, मला वाटलं..."

"तुझं वाटणं मागनं. चाकाची खुर्ची आण आधी!"

आत नव्या तरुण डॉक्टरांसमोर पेशंट होता. "मावशी, नंबर से," ते म्हणाले.

"नंबर गया चुलीत, साब. दाँत नहीं, ये हड्डी!" विमलाबाईंनी स्वतःचाच जबडा धरला. "इधर से हाथ में जाता है. पसीना देखो."

डॉक्टर उठलेच. ईसीजीची पट्टी निघाली तशी त्यांनी मोठ्या इस्पितळाला फोन लावला. हृदयविकाराचा झटका होता. पाऊण तासात दाजी तिथल्या ऑपरेशनच्या टेबलावर होते.

तिसऱ्या दिवशी मनालीचा फोन आला. धोका टळला होता. दाजी मळ्यात पाणी कोण सोडतंय म्हणून भांडत होते.

डॉक्टर मुद्दाम बाहेर आले. "मावशी, आपको कैसे समझा?"

विमलाबाईंनी फडका बादलीत पिळला. "मेरेको किधर समझा? उनोने खुदच बोला ना!"