सुधामावशीची खाट

दुकानात नव्या फोल्डिंग खाटेच्या नायलॉन पट्ट्यांचा वास आला आणि नव्वदच्या सुमाराचं जेसल पार्कचं घर आठवलं. तिथे मला वाढवणाऱ्या दोघी, आई आणि सुधामावशी, आतल्या पलंगावर एकत्र झोपायच्या. हॉलमधली खाट 'सुधाची' म्हणून फक्त पाहुण्यांना दाखवायची.

त्या दुपारी आजी येणार होती.

"अगं, पट्ट्या तर कोऱ्या करकरीत दिसतायत," मावशी म्हणाली.

आईचा चेहरा उतरला. "माझ्या आईला कळलं तर पोरीला घेऊनच जाईल ती."

मावशीने मला खाटेवर उभं केलं. "मार उड्या, हव्या तेवढ्या!"

एरवी ओरडणाऱ्या दोघी वाकून, पट्ट्या किती सैल पडल्या ते बघत होत्या. मी खिदळत होते.

लहानपणीचा सगळ्यात मजेचा दिवस म्हणून मी आजवर हाच सांगत आलेय.