पूर्ण एक मिनिट

वर्गात सगळे तिला मावशीच म्हणायचे, कारण एकोणीस वर्षं ती याच हॉस्पिटलात वॉर्डातली मावशी होती. फरशा पुसता पुसता तिच्या डोक्यात नर्स व्हायचं शिरलं आणि बेचाळिसाव्या वर्षी ती माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसली. हृदयाच्या विषयात दोनदा नापास झाली होती. ही तिसरी आणि शेवटची संधी. हुकली की परत फरशा.

तिचा अभ्यास घ्यायचं लोढणं माझ्या गळ्यात पडलं. ती हृदयाची औषधं माझाच जीव खात होती. एक ठोके कमी करतं, दुसरं नियमित करतं, तिसरं जरा जास्त झालं की तेच ठोके बिघडवतं, आणि नावं अशी की अर्ध्या गोळ्यांच्या शेवटी 'लोल'. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मी घोकून घ्यायचे, तर मावशी मध्येच, "पण असं का गं?"

"का ते डॉक्टर बघतील. तू पाठ कर!"

"तुला येत नाही म्हणून ओरडतेस होय?"

येत नव्हतंच.

एक गोष्ट मात्र तिने घट्ट धरली. डिगॉक्सिनची, म्हणजे ठोके मंद करणारी गोळी देण्याआधी छातीला स्टेथोस्कोप लावून पूर्ण मिनिटभर ठोके मोजायचे. साठच्या खाली असले तर गोळी द्यायची नाही. पुस्तकात तसंच आहे. वॉर्डात सगळे पंधरा सेकंद मोजतात आणि चारने गुणतात. परीक्षेत वेळ पुरणार नाही, हे मी तिला शंभरदा सांगितलं. ती आपली ढिम्म.

प्रात्यक्षिकाला आम्हा दोघींना एकच पेशंट आला, अनियमित ठोक्यांचे एक आजोबा. आधी माझा नंबर. पंधरा सेकंदांत सतरा, सतरा चोक अडुसष्ट. 'गोळी द्यावी' लिहिलं, बाकीचे प्रश्न खरडले आणि सुटले.

मग मावशी. तिने मिनिटभर मोजलं. कपाळाला आठी घातली आणि परत मिनिटभर मोजलं. मी दारातून हातवारे करतेय, अगं आवर! 'बावन्न. गोळी देऊ नये' एवढं लिहून होतंय तोच घंटी वाजली. औषधांचे प्रश्न कोरेच राहिले.

परीक्षक बाई वैतागल्या. "आत्ताच त्या मुलीने अडुसष्ट मोजलेत."

"मॅडम, तुम्ही मोजा ना. पूर्ण मोजा."

बाईंनी मोजलं. आजोबांच्या कागदावरची त्या दिवसाची गोळी खोडली आणि डॉक्टरांना बोलावणं धाडलं.

मला वाटलं, सुटली मावशी. निकालात ती चार गुणांनी नापास झाली. मला तिचा राग आला, बाईंचा आला, त्या घंटीचाही आला. तणतणत मी बाईंकडे गेले. "कोऱ्या कागदाला गुण कसे देऊ?" त्या म्हणाल्या.

त्या पेशंटसाठी मला दहापैकी नऊ होते. बाई ते कापायला विसरल्या होत्या. त्यांच्यासमोर उभी असूनही मी आठवण करून दिली नाही.