हात लावलाय का नुसती बांगडी

लगीन होऊन आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटं थोरल्या जावंनं मला जात्यावर समोर बसवलं. खुंटा एकच, त्याला हात दोघींचे. दोन येढे झाले न झाले तर ती थांबली आन म्हनली, "ए बाय, हात लावलाय का नुसती बांगडी?"

मी लाजले. खरंच मी नुसता हात ठिवला हुता, ओढत तीच हुती. जात्यावर हे लपत न्हाई. समोरची ओढती का नुसती धरून बसली, हे खुंट्यातून तळहाताला कळतं. त्या दिवसापसून दळन बसलं की पहिलं तिचं हेच, "हात लावलाय का नुसती बांगडी?" आन मंग खदाखदा हसायची.

तिचं नाव सोना. मी अक्का म्हनायचे. उंच, काळी, हाडानं रुंद. सासूला, आमच्या आत्याबाईला, ती माघारी 'सरकार' म्हनायची. "सरकार उठलं का? चहाचा हुकूम सुटला का?" तव्यावरची पहिली भाकर ती स्वता खायची, उभ्यानं, नुसत्या मिठाबरूबर. आत्याबाई बोलायच्या, तर म्हनायची, "पहिली भाकर करनारीची. चुलीपुढं तोंड तिचंच भाजतंय." असलं बोलायची छाती आमच्या घरात दुसऱ्या कुनाची नव्हती.

तर अशी बाई. आन एका साली, दुस्काळाच्या आदल्या साली, तिला काय झालं? काईच झालं न्हाई. ह्याचाच मला आजून राग येतो. सगळी हेच धरून बसली. "तिला कमी काय हाय? नवरा हात उगारत न्हाई, दोन लेकरं हायेत, दावनीला बैलं हायेत. मंग हे सोंग कशाचं?"

सोंग न्हवतं. पहिलं मला कळलं, जात्यावर. खुंटा जड झाला. मला वाटलं दाना ओला असंल. चार दिवस गेले, मंग माझ्या ध्यानात आलं, समोर हात न्हाईच, नुसत्या बांगड्या हायेत. ती काय बोलायची न्हाई. मी इचारलं, "अक्का, रडू येतं का?" तर म्हनली, "रडू आलं असतं तर बरं झालं असतं बाय. आत काईच न्हाई. दाना सरलेल्या कनगीवानी झालंय."

भाकर ती करायची, पन पहिली खायची न्हाई. मंग दुसरीबी खायाची ऱ्हायली. आत्याबाईंनी देवरुशाकडं नेली. त्यानं मिरच्याची धुरी दिली, केस धरून इचारलं, "कोन हायेस? बोल!" ती म्हनली, "सोना हाय." बिचारी खरं बोलली, आन त्याचीच तिनं थापड खाल्ली. म्या दारात उभं राहून बघितलं. नवी सून, तोंड उघडायचं न्हाई. आता वाटतं, उघडायचं हुतं.

तिचा भाऊ मिल्ट्रीत हुता. सुट्टीवर आला, बहिनीला बघितलं आन कुनाला न इचारता नगरला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथं एक डाक्टरीन बाई हुती. तिनं बारक्या पिवळ्या गोळ्या दिल्या. म्हनली, मनाचा आजार हाय, आजारच हाय, गोळ्यांनी उतरतो, पन लगेच न्हाई. अक्कानं त्या मिसरीच्या डबीत ठिवल्या. बाईच्या मिसरीच्या डबीत कोन हात घालत न्हाई.

एकोनीस दिवस गेले. मी मोजले म्हनून ठावं. इसाव्या दिवशी पहाटं दळत हुते, आन खुंटा एकदम हलका झाला. मी दचकलेच. समोरून आवाज आला, "ए बाय, किती ओढशील, दमशील की."

दुस्काळ पडला. हिरी आटल्या. सुप्याकडच्या रस्त्याला खडी फोडायचं सरकारी काम निघालं, आमी दोघी जावा तिथं जायचो. दुपारी सुकडीचा सरकारी खाऊ मिळायचा, घरी तांबड्या मिलोची, रेशनच्या परदेशी जवारीची भाकर. पान्याचा हंडा दोन कोसावरून डोक्यावर. आन त्या गोळीचा एकच वांदा हुता, तोंडाला लई कोरड पडायची. अक्का पानी पिऊ लागली की आत्याबाई तांब्या मोजायच्या. "घ्या! हिच्या खुळापायी घर कोरडं पडायचं."

अक्का म्हनायची, "सरकार, तुमच्या वाटचं न्हाई पीत. माझ्या आंघुळीचं पिते." आन खरंच ती आठ-आठ दिवस आंघूळ करायची न्हाई, ओल्या फडक्यानं आंग पुसायची. पन गोळी चुकवायची न्हाई.

मंग तिच्या लेकीची, कमळीची सोयरीक निघाली. शिरूरकडची मानसं, घर चांगलं. मधला मानूस भावजींना म्हनला, "बाकी सगळं बरं हाय. पन पोरीची आई कसल्या गोळ्या खाती म्हनं? पाव्हन्यांच्या कानावर गेलं तर?" झालं. घरात बैठक बसली. भावजी, तिचा नवरा, जन्मात जोरानं बोलला न्हाई, त्या दिवशीबी हळूच म्हनला, "आता बरी हायेस की. बऱ्या मानसाला अवशद कशाला?" आत्याबाई म्हनल्या, "येडीची पोरगी म्हनून पोर घरातच ऱ्हाईल."

अक्कानं लई येळ चुलीकडं बघितलं. म्हनली, "पोरीपरीस गोळी मोठी न्हाई." डबी काढली आन आत्याबाईपुढं ठिवली. आत्याबाईंनी ती माझ्या हातात दिली. "धाकटे, घाल चुलीत."

म्या घातल्या. ह्या हातानं. दुसऱ्यांवर राग काढायला सोपं हाय, पन चुलीत गोळ्या टाकनारी मी हुते. जी रोज खुंट्याला हात लावून बसायची, तिला तर कळायला पायजे हुतं.

सोयरीक जमली, साध्यावर लगीन झालं. लग्नात अक्का मांडवात बसली, अक्षदा तिच्या मुठीतच राहिल्या. बाया म्हनल्या, थोरलीला जावई केल्याचा माज आला. कमळी सासरी निघाली, आईच्या गळ्यात पडली, तर आईचे हात वरच होईनात. पोर रडत गाडीत बसली. मी बघत हुते, आन मला ठावं हुतं, त्याच्या आदी आठ दिवसांपसून जात्यावर पुन्यांदा नुसत्या बांगड्या वाजत हुत्या.

मी भावजींना सांगितलं. ते म्हनले, "पोर गेल्याचं दुख हाय. व्हईल कमी." पोर जायच्या आदीपसून हाय, हे त्यांना कोन सांगनार? मी सांगितलं, त्यांनी ऐकलं न्हाई.

खडीच्या कामावर खानीत सुरुंग लावायचे. मुकादमानं शिट्टी मारली की सगळ्यांनी बांधापल्याड पळायचं. एक दिवस शिट्टी झाली, आमी पळालो, बांधाआड बसलो, आन मी बघते तर अक्का शेजारी न्हाई. खडीच्या ढिगापाशी तशीच बसलेली, हातात हातुडी. मी वराडले, "अक्का! अवो अक्का!" तिनं माझ्याकडं बघितलं. ऐकू आलं हुतं तिला. पन उठली न्हाई.

मी पळाले. मागून बाया बोंबलल्या. तिच्या दंडाला धरून ओढलं, ती हाय त्याच्या दुप्पट जड झाली. कशीबशी तिला उलट्या टाकलेल्या गाडीच्या आड ढकलली, आन धडाम झालं. आमच्या आंगावर खडी पडली, माझ्या कपाळाला खोक पडली, ती बघा आजून हाय.

"शिट्टी ऐकली न्हाई का तुमी?"

"ऐकली बाय."

"मंग?"

"उठायचं म्हनत हुते. उठायला झालं न्हाई."

मुकादम आला. म्हनला, "ही येडी उद्यापसून नको कामावर. मरंल आन मला फासावर चढवंल." मानसं हसली. एवढ्या मानसांत एकालाबी वाटलं न्हाई, की बाई तुला काय होतंय म्हनून इचारावं. माझ्या कपाळातनं रगत गळत हुतं, पन मला त्या हसन्याचीच आग झाली. मी म्हनले, "येडी न्हाई ती. आजारी हाय. तिचं अवशद आमी जाळलंय." माझं मलाच ऐकून अवघड वाटलं, पन बोलून गेले.

घरी येऊन सांगितलं, उद्या मी अक्काला नगरला नेते. आत्याबाई म्हनल्या, "पोरीच्या सासरी कळलं म्हंजी? पाय टाकलास बाहीर तर तुझी चूल येगळी." मी म्हनले, "टाका येगळी. दळायला दोघी जनी बसतो, मी एकटी बसंन." भावजी खाली मान घालून बसले हुते. मला त्या मानेचा जेवढा राग आला, तेवढा आत्याबाईच्या तोंडाचाबी आला न्हाई. माझा मालक कामावर हुता, त्याला इचारायला मी थांबलेच न्हाई.

सुप्यापस्तर चालत, तिथून यष्टी. गाडीत अक्का एकदाच बोलली. "पुन्यांदा खायच्या का? म्हंजी मी पुन्यांदा तीच झाले, गोळीवाली."

मी म्हनले, "तीच झालात तर बरं की. मला तीच पायजे."

दवाखान्यात तीच डाक्टरीन बाई हुती. कागद काढला, म्हनली, "बंद कुणी केल्या?" अक्का म्हनली, "म्या केल्या." मी म्हनले, "आमी केल्या. घरानं." मला वाटलं आता ही झाडनार. ती झाडली न्हाई. अक्काला म्हनली, "परत आलात ते चांगलं केलंत." आन इचारलं, "मागच्या वेळी किती दिवसांनी बरं वाटलं होतं?"

अक्काला आठवंना. मी म्हनले, "एकोनीस दिवस गेले. इसाव्या दिवशी पहाटं."

"इतकं नेमकं कसं सांगता?"

मी जात्याचं सांगितलं. बाईनं पेन थांबवलं, मंग माझं बोलनं त्या कागदावर लिवलं. मी तीन यत्ता शिकलेली. जन्मात माझं बोलनं कुनी कागदावर लिवलं न्हाई, एकदाच लिवलं, ते हे. बाई म्हनली, "यावेळी उशीर लागेल कदाचित. धीर सोडू नका. आणि बंद करायच्या तेव्हा मी सांगेन. गाव सांगेल तेव्हा नाही."

उशीर लागला. इसावा दिवस गेला, पंचिसावा गेला. मी रोज पहाटं एकटीच ओढायचे आन समोर ती बांगड्या वाजवत बसायची. पानी ती पिईल तेवढं मी आनायचे, दोन खेपा जास्ती. तांब्या मोजला तर मी आत्याबाईपुढंच हंडा ठिवायचे. महिना उलटला. मलाबी वाटाया लागलं, आता न्हाई उठत ही. दंड भरून आले हुते. एका पहाटं माझा हात जरा ढिला पडला आसंल.

जातं थांबलं. समोरून आवाज आला, "ए बाय. हात लावलाय का नुसती बांगडी?"

मी पीठ तसंच टाकलं आन रडले. ती म्हनली, "रड. माझं पन रड. मला आजून येत न्हाई." चार दिवसांनी तिलाबी आलं. कमळीचं नाव घेऊन रडली. मंग तव्यावरची पहिली भाकर उभ्यानं खाल्ली.

कमळीच्या सासूला पुढं कळलंच. दिवाळीला आली, तर अक्कानं तिच्यासमोरच गोळी तोंडात टाकली, वर पानी प्याली. इहीन म्हनली, "कशाची हो?" अक्का म्हनली, "मन आजारी पडतं, त्याची." इहीन म्हनली, "बरं." आन करंजी खाल्ली. बस, एवढंच. जेच्या भ्यानं माझी अक्का सुरुंगापुढं बसली, ते एवढंच हुतं. एक बरं आन एक करंजी.

पुढं किती वर्सं ती जगली. आत्याबाई गेल्या, भावजी गेले, घरात गिरनीचं पीठ आलं, जातं कोपऱ्यात गेलं. मधी एकदा गोळी कमी केली, सावकाशीनं, पुन्यांदा वाढवली. डाक्टरनं केली, गावानं न्हाई. नातवंडं तिनं खेळवली, सुनांना नावं ठिवली, मला मरस्तोवर बाय म्हनली. म्हातारपनानंच गेली.

तिच्या दहाव्याला नदीवर मंडप, माईक, दोन-चार पुढारी. एक जन उठला. म्हनला, "मातोश्री म्हणजे जुनं खोड. उभ्या आयुष्यात कधी गोळीला हात लावला नाही. कधी मन खचलं नाही. आजच्या सुनांनी हा आदर्श घ्यावा."

मी बायांत बसले हुते. दहाव्याला बाया बोलत न्हाईत. मी उठले. म्हनले, "खोटं हाय."

पुढाऱ्यानं माईक खाली घेतला. कुनी म्हनलं, "बसा आजी." मी म्हनले, "बसते. आदी ऐका. ती गोळी खायची. रोज. पहिल्या भाकरीबरूबर. गोळी आमी बंद केली तवा ती मरनापुढं जाऊन बसली हुती, आन पुन्यांदा चालू केली म्हनून तुमाला आज मातोश्री म्हनाया मिळाली. तिचं मन खचलं, एकदा न्हाई, दोनदा. तुमच्या घरात कोन गप झालं आसंल तर तिला दवाखान्यात न्या. माझ्या अक्काचं नाव घेऊन तिला टोचू नका."

नदीला पानी बरं हुतं त्या साली. मी खाली बसले. कमळी शेजारी हुती, आता तीबी म्हातारी. तिनं माझा हात धरला. नुसती बांगडी न्हाई. हात.