अट क्रमांक अकरा

दोंडाईचा स्टेशनवर आमची गाडी दोनच मिनिटं थांबते. तेवढ्या दोन मिनिटांत आमच्या घराने मला परदेशी पाठवून दिलं. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन्ही बॅगा डब्यात ढकलल्या आणि घामाघूम होऊन खाली उतरले. माय खिडकीशी उभी होती. ती मिरची वाळत घालतात त्या पथारीवर देठ खुडायला जाते. हाताची आग आंघोळीनेही जात नाही, म्हणून तिने आम्हा भावंडांच्या गालाला कधी तळहात लावला नाही, मनगटाची मागची बाजू लावते. ती तिने गजांमधून लावली. सगळ्यात शेवटी माझी धाकटी बहीण योगिता पुढे आली आणि निळी फाईल आत देत म्हणाली, "बॅगेत टाकू नको, भाऊ. हातात ठेव."

नाना मार्केट यार्डात मापाडी आहेत. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तोलला. काट्यावरचे आकडे हलत असले की शेतकरी आणि व्यापारी दोघंही घाई करतात, आणि नाना दोघांनाही एकच सांगतात, "आकडा थांबू दे, मंग बोल." त्या दिवशी मात्र त्यांनीच घाई केली. गाडी हलायच्या आधीच फलाटावरच्या चहावाल्याला सांगून मोकळे झाले की पोरगा दोन वर्षांत साहेब होऊन येतो.

शिष्यवृत्ती सरकारची होती, परदेशात उच्च शिक्षण घेण्यासाठीची. अख्ख्या राज्यातून मोजक्या जागा. माझं नाव यादीत आलं तेव्हा चौकात फ्लेक्स लागला. त्यात मी टाय घातलेला होतो, टाय स्टुडिओवाल्याचा होता, आणि माझ्यापेक्षा मोठे फोटो शुभेच्छुकांचे होते. योगिताचं नाव त्यावर कुठेच नव्हतं. असायला हवं होतं, कारण अर्ज तिने भरला होता. मी तेव्हा जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या व्हायवात अडकलेलो. ती बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, सुट्टीत घरी आलेली. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, गुणपत्रकं, हमीपत्र, सगळं तिने क्रमाने लावलं, वर अनुक्रमणिका लिहिली. माझ्या नावाची ती फाईल मी स्वतः पूर्ण कधी उघडून पाहिली नव्हती. जे मागतील ते पान काढायचं आणि द्यायचं, एवढंच.

जर्मनीतलं हे गाव लहान आहे. आल्या आल्या आनमेल्डुंग करावं लागतं, म्हणजे तलाठ्याकडे जाऊन 'मी इथे राहतो' असं नोंदवण्यासारखंच, फक्त इथला तलाठी दिलेल्या वेळेला जागेवर असतो. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की फांड, म्हणजे बाटलीची अनामत, परत मिळण्याची चिठ्ठी येते. पहिल्या महिन्यात मी हे फोनवर इतकं रंगवून सांगितलं की माय म्हणाली, बाटल्या विकायला गेला का रे तिकडे. तिने दिलेले बिबडे, आमच्याकडचे ज्वारीचे पापड, बॅगेत चुरा होऊन आले होते. तो चुरा मी तळलाही नाही, तसाच कच्चा, चमच्याने खाल्ला. तुमच्यापैकी जे असे बाहेर पडलेत त्यांना हे सांगायला नको. जे मागे राहिलात त्यांना आम्ही हे कधी सांगत नाही. आम्ही बर्फाचे फोटो पाठवतो.

माझा विषय पाण्याचा. नद्या, बंधारे, जमिनीखालचं पाणी. जळगावला मी पहिल्या पाचांत असायचो. कसा असायचो ते इथे आल्यावर कळलं. सरांच्या नोट्स, मागच्या वर्षांचे पेपर, आणि घोकंपट्टी. इथे गणिताचा एक पेपर आहे, तो सुटल्याशिवाय पदवी नाही. परीक्षेला पुस्तकं घेऊन बसायची मुभा. मी खूश झालो. म्हटलं, आता काय, उघडायचं आणि उतरवायचं. पहिल्या वेळी तीन पुस्तकं घेऊन बसलो आणि नापास झालो, कारण पुस्तकातलं काही विचारतच नाहीत. दुसऱ्या वेळी एकही पुस्तक उघडलं नाही, तरी नापास. इथे एका पेपरला तीनच संधी. तिसऱ्यांदाही गेलात की त्या अभ्यासक्रमातून बाहेर, शिष्यवृत्ती तिथेच बंद. घरी मी एवढंच सांगितलं की एक पेपर राहिलाय. राहिलाय म्हणजे जसा काही एसटीत विसरून आलोय.

त्याच सुमारास योगिता गणितात कॉलेजमधून पहिली आली. तिच्या मॅडमनी तिला सांगितलं, तू परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज भर. हे मायने मला सांगितलं आणि मला एवढा आनंद झाला की माझे दोन नापास मी आठवडाभर विसरलो. मी तिला युनिव्हर्सिट्यांची यादी पाठवली. कुठे थंडी कमी, कुठे हॉस्टेल बरं, मुलाखतीत काय विचारतात, सगळं. रोज फोन. मोठा भाऊ असल्याचं एवढं सुख मला आधी कधी झालं नव्हतं. ती ऐकत होती, हं हं म्हणत होती. आठव्या दिवशी म्हणाली, "भाऊ, तुझी फाईल काढ. अट क्रमांक अकरा वाच."

फाईल कपाटात होती. मी वाचलं. कुटुंबातील एकाच अपत्यास या योजनेचा लाभ घेता येईल. त्यासमोरच्या चौकोनात टिक. त्याच्या मागे हमीपत्र, खाली नानांची सही. हमीपत्रातला मजकूर छापील होता, माझं नावही छापील. फक्त एक जागा रिकामी सोडलेली, ती हाताने भरलेली होती. 'माझे अन्य अपत्य', आणि पुढे योगिताच्या गोल, सुवाच्य अक्षरात, 'योगिता', मग पुन्हा छापील, 'यांच्याकरिता भविष्यात सदर योजनेचा लाभ मागणार नाही.'

मी तिला विचारलं, तू वाचलं होतंस? म्हणाली, वाचलं होतं, म्हणून तर तुला फोन केला होता. मग मला आठवलं. मी मेसमध्ये जेवत होतो, समोर मित्र होते, शेवभाजी होती. ती म्हणत होती, भाऊ, इथे काही अटी आहेत, एक जरा विचित्र आहे, वाचून दाखवू का. सायबरवाला बंद करायला आलाय, आज शेवटची तारीख आहे. आणि मी म्हणालो होतो, "सगळ्यावर टिक कर गं. फॉर्मॅलिटी असते." माझंच वाक्य. जसंच्या तसं आठवतंय. तिला तेव्हा पहिल्या वर्षी गणितात जेमतेम गुण होते. आपली वेळ कधी येईल असं तिलाही वाटलं नव्हतं. टिक केली, स्वतःचं नाव लिहिलं, आणि सोबत आलेल्या नानांना म्हणाली, इथे सही करा.

आमच्या घरात मुलगा-मुलगी असा भेद नाही, हे मी इथे पोरांना छाती फुगवून सांगायचो. खोटंही नव्हतं ते. एकच शाळा, एकच दूध, मार खाल्ला तर दोघांनी. कुणी तिला मागे ढकललं नाही. मी फक्त दोन ओळी ऐकायचा कंटाळा केला. हे कुणाला सांगून पटत नाही, आणि मलाही माझी दया येत नाही.

मग मला वेड्यासारखं एक सुचलं. मी जागा सोडली तर? तिसरा पेपर कोराच दिला तर? नापास तर होणारच आहे, निदान तिच्या उपयोगी पडेन. दोन दिवस मी या विचारावर चक्क आनंदात काढले. मग शिष्यवृत्तीच्या ऑफिसला फोन लावला. ज्या बाई बोलल्या त्या वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. म्हणाल्या, "नाही हो दादा. एकदा लाभ घेतला म्हणजे घेतला. तुम्ही पास व्हा नाहीतर परत या, कुटुंबाचं नाव लागलेलं राहतं." मी हे योगिताला सांगितलं, आणि ती भडकली. आम्ही फोनवर पुस्तकी मराठीच बोलतो, पण राग आला की तिची अहिराणी निघते. "तुनं दान माले नको," ती म्हणाली. "ती जागा तुनी नव्हतीच. घरनी व्हती. घरना माणूस बसेल शे तठे, त्यानी वाया घालाले नको."

घरची जागा होती आणि घरातलाच माणूस तिथे बसलाय, त्याने ती वाया घालवू नये. एवढंच तिचं म्हणणं. त्यानंतर तिने मला शिकवायला घेतलं. दर रविवारी सकाळी ती जळगावच्या हॉस्टेलच्या गच्चीवर, कारण नेटवर्क तिथेच येतं, आणि मी इथे हीटरला पाय लावून. माझ्या प्राध्यापकांची उदाहरणं मी फोटो काढून पाठवायचो. मला तीन सेमिस्टरमध्ये न कळलेलं तिला तीन आठवड्यांत कळलं. मी उत्तर लिहायला लागलो की ती थांबवायची. म्हणायची, तू उत्तराकडे पळतोस, प्रश्न काय म्हणतोय ते आधी शेवटपर्यंत वाच. कधी कधी एखादं उदाहरण सुटलं की मला कळायचं, ती माझ्याकडे बघत नाहीये, माझ्या मागच्या भिंतीवरच्या युनिव्हर्सिटीच्या वेळापत्रकाकडे बघतेय.

तिसऱ्या परीक्षेत चार प्रश्न होते. दोन बरे गेले. तिसरा अर्धा. चौथा तर तिने शिकवलेलाच होता. बंधाऱ्याखालून झिरपणारं पाणी. मी लिहीत सुटलो. दोन पानं झाल्यावर नजर परत प्रश्नाकडे गेली आणि शेवटची ओळ दिसली, ती मी वाचलीच नव्हती. बंधाऱ्याखाली एक पाण्याला अडवणारा थर दिला होता. सगळं उत्तर चुकीचं. घड्याळात सात मिनिटं उरली होती. मी ती नुसती बसून काढली.

निकाल आला. अंतिम अनुत्तीर्ण. अगदी थोड्या गुणांनी, पण तसं म्हणण्यात काही अर्थ नाही.

शिष्यवृत्तीचे पैसे परत करायचे का, ते ऑफिस कळवील. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला त्याची तेवढी भीती वाटली नाही. मी आधी योगिताला फोन केला. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "नानांना मी सांगते. तुला नीट सांगता येणार नाही." आणि खरं सांगतो, 'हो' माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. माझा हाही फॉर्म तीच भरायला निघाली होती. मी म्हटलं, नको, मी सांगतो.

नाना यार्डात होते. मागे हमालांचा आवाज, मिरचीने कुणीतरी शिंकत होतं. मी सगळं सांगितलं, पहिले दोन नापासही, अट अकराही, मेसमधला फोनही. नानांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर एवढंच म्हणाले, "मी सही करी ती न वाचता करी. मी मापाडी शे. तू तर शिकेल व्हता." मग फोन मायकडे गेला असावा, घरी नेऊन दिला असेल, मधली पाचदहा मिनिटं मी तसाच धरून बसलो होतो. ती म्हणाली, "जेवना का?" मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

माझं तिकीट पुढच्या आठवड्याचं आहे. खोलीचं आबमेल्डुंग करून आलो, म्हणजे 'मी आता इथे राहत नाही' असं लिहून दिलं. फॉर्म अर्ध्या पानाचा होता. मी तो तीन वेळा वाचला, मागे उभ्या असलेल्या माणसाने शेवटी खाकरून दाखवलं. इथल्या पोरांनी घर कुठे असं विचारलं की मी इतके दिवस दोंडाईचा म्हणायचो, मग धुळे म्हणायचो, मग नुसतं इंडिया. आता घर म्हणजे मला तो हमीपत्राचा एक कागद वाटतो. त्यावर आम्ही तिघं आहोत, नाना सहीने, मी छापील, ती हाताने, आणि आमच्यापैकी तो एकीनेच वाचला होता.

योगिता काल म्हणाली, मी अर्ज करणार आहे. हमीपत्रात माझं नाव आहे, पण माझी सही कुठेच घेतलेली नाही, हा मुद्दा मांडणार. नाकारतील, मला माहीत आहे. तरी करणार. मी विचारलं, मी काय करू? म्हणाली, तू काही करू नकोस, फक्त ती प्रत आण.

गाडी दोनच मिनिटं थांबेल. ती फलाटावर असणार. माझ्याकडे बघून ती हसणार नाही, आणि माझ्या बॅगांना हात लावणार नाही. आधी फाईल घेईल. ती मी बॅगेत टाकलेली नाही. हातात ठेवली आहे, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून.